पसरलेला स्तनाचा कॅन्सर: उपचार कसे ठरतात आणि आयुर्मानाचे आकडे कसे वाचायचे

पेट स्कॅनच्या रिपोर्टात हाड, यकृत, फुप्फुस असे शब्द दिसले की घरातले सगळे एकच धरून बसतात: उपचार उद्याच सुरू झाले पाहिजेत. बहुतेक वेळा इतक्या घाईची गरज नसते. आठ-दहा दिवस थांबून पसरलेल्या जागेतला तुकडा तपासून घेतला, तर पुढची काही वर्षं कोणती औषधं कोणत्या क्रमाने द्यायची हे त्यावरून ठरतं. तो न तपासता भलतंच औषध सुरू झालं, तर गेलेले महिने परत मिळत नाहीत. खरोखर धावपळ करावी असे प्रसंग आहेत, पण ते मोजके. त्यांच्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

स्तनातल्या पेशी हाडात किंवा यकृतात जाऊन वाढल्या तरी तो स्तनाचाच कॅन्सर असतो आणि त्याला औषधंही स्तनाच्या कॅन्सरचीच लागतात. हीच चौथी स्टेज. काही जणींना पहिल्या निदानातच ती सापडते. बाकीच्यांचा आजार आधीचे उपचार संपल्यावर काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनी उलटतो. हार्मोनवर वाढणाऱ्या प्रकारात तो 15-20 वर्षांनीही उलटू शकतो. सर्वांत जास्त वेळा तो हाडांत जातो, त्याखालोखाल यकृत, फुप्फुसं, दूरच्या लसिका गाठी आणि मेंदू. लोब्युलर नावाचा प्रकार मात्र पोटाचं आतलं आवरण, जठर, आतडी, बीजकोष अशा आडवाटेच्या जागी जातो आणि पेट स्कॅनवर अनेकदा फिका दिसतो. म्हणून लोब्युलर असेल आणि पोट सारखं फुगत असेल, तर “स्कॅन स्वच्छ आहे” एवढ्यावर समाधान मानू नये. पुरुषांनाही हा आजार होतो आणि उपचारांचं तत्त्व तेच राहतं.

आजच्या औषधांनी पसरलेला आजार कायमचा गेला असं फार थोड्या जणींच्या बाबतीत घडतं. उपचार चालतात ते आजार दाबून ठेवण्यासाठी, आयुष्य वाढवण्यासाठी आणि त्या आयुष्यात दुखणं कमी राहावं यासाठी. हे डॉक्टरांनी सुरुवातीलाच स्पष्ट सांगावं आणि घरच्यांनी रुग्णापासून लपवू नये, असं माझं ठाम मत आहे. जिला माहिती नाही तिला गोळ्या वेळेवर का घ्यायच्या, ताप आल्यावर रात्रीच दवाखाना का गाठायचा, हे पटणार कसं?

तुकडा तपासताना काय बघायचं

पूर्वीच्या ऑपरेशनचा रिपोर्ट हाताशी असला तरी नव्या जागेची बायोप्सी करावी. दोन कारणं आहेत. एक तर पसरताना पेशींचा स्वभाव बदलू शकतो: इस्ट्रोजेन रिसेप्टर (इस्ट्रोजेन हार्मोनला पकडणारं पेशीतलं प्रथिन) होता तो नाहीसा होतो, हर-2 (पेशींची वाढ वेगाने करणारं दुसरं प्रथिन) नव्हता तो दिसू लागतो. दुसरं, स्कॅनवर चमकणारी प्रत्येक जागा कॅन्सरची नसते. क्षय, दुसऱ्याच अवयवाचा कॅन्सर किंवा साधी सूजसुद्धा तशी दिसते.

बायोप्सी हाडाची असेल तर एक अडचण ठरलेली. हाड कापता यावं म्हणून प्रयोगशाळा ते ॲसिडमध्ये मऊ करते, आणि तीव्र ॲसिडने रिसेप्टरच्या व जनुकांच्या चाचण्या बिघडतात. ईडीटीए नावाच्या द्रावणात हाड हळू मऊ होतं, पण चाचण्या शाबूत राहतात. म्हणून नमुना जाण्यापूर्वीच प्रयोगशाळेला सांगून ठेवावं की यावर रिसेप्टर तपासायचे आहेत. यकृत किंवा लसिका गाठ अशी मऊ जागा हाताशी असेल तर तिचाच तुकडा घेणं चांगलं.

रिपोर्टात नुसतं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह नको, आकडे हवेत. इस्ट्रोजेन रिसेप्टर 1 टक्का किंवा जास्त असला की पॉझिटिव्ह म्हणतात, पण 1 ते 10 टक्क्यांतला आजार बऱ्याचदा रिसेप्टर नसल्यासारखाच वागतो. हर-2 चा निकाल 0, 1, 2 किंवा 3 असा येतो. 3 म्हणजे पॉझिटिव्ह. 2 आला तर फिश नावाची पुढची चाचणी लागते. 1 असेल, किंवा 2 असून फिश निगेटिव्ह असेल, तर त्याला हर-2 लो म्हणतात. 2022 पासून या गटासाठी वेगळं औषध आहे, त्यामुळे “हर-2 निगेटिव्ह” एवढंच लिहिलेल्या रिपोर्टात महत्त्वाची माहिती हरवलेली असते.

बीआरसीए 1 आणि 2 ही जनुकं रक्तातून तपासतात. पीआयके3सीए हे जनुक तुकड्यातून किंवा रक्तातून. ईएसआर1 या जनुकातला बदल मात्र सुरुवातीला शोधून फारसा उपयोग नाही. हार्मोनच्या गोळ्या चालू असताना तो हळूहळू तयार होतो, म्हणून आजार वाढला त्या वेळचं ताजं रक्तच तपासावं. तुकड्याचा मेणातला ब्लॉक कुठे आहे हे लिहून ठेवा, दोन-तीन वर्षांनी त्याची पुन्हा गरज पडते.

घाई कशाची

कण्यात आजार असताना पाठ नव्याने किंवा वेगळ्या प्रकारे दुखू लागली, झोपल्यावर किंवा शिंकताना कळ वाढली, पायांत जोर राहिला नाही, लघवी अडली, तर मज्जारज्जूवर दाब येत असण्याची शक्यता असते. संपूर्ण कण्याचा एमआरआय 24 तासांत व्हावा आणि संशय बळकट असेल तर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड रिपोर्टची वाट न पाहता सुरू व्हावं. उपचाराच्या वेळी रुग्ण चालत असेल तर पुढेही चालत राहण्याची शक्यता खूप जास्त असते. पाय पूर्ण गेल्यावर ते क्वचितच परत येतात. हे दुखणं अंगावर काढू नका.

केमो चालू असताना 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला की तो तातडीचा प्रसंग. पांढऱ्या पेशी कमी असताना जंतुसंसर्ग काही तासांत जिवावर बेततो आणि सलाईनमधून पहिलं प्रतिजैविक तासाभरात जायला हवं. घरी पॅरासिटॅमॉल देऊन सकाळची वाट बघणं ही नेहमी होणारी आणि महागात पडणारी चूक. खूप तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठ, उलट्या आणि त्यात भर म्हणून बोलण्यात असंबद्धपणा, असं एकत्र दिसलं तर रक्तातलं कॅल्शियम तपासा. ते वाढलेलं असेल तर सलाईन आणि झोलेड्रॉनिक ॲसिडने दोन-तीन दिवसांत माणूस बराचसा पूर्ववत होतो. सकाळी वाढणारी डोकेदुखी आणि उलट्या, झटका, एका बाजूची ताकद जाणं, म्हणजे मेंदूचा एमआरआय.

राहिला तो प्रसंग म्हणजे यकृत किंवा फुप्फुस निकामी होऊ लागणं: कावीळ दाखवणारं बिलिरुबिन दिवसागणिक चढतंय, बसल्या जागी धाप लागतेय. यकृतात डाग आहेत एवढ्यावरून असं म्हणत नाहीत, तो अवयव काम सोडू लागला आहे का, हे बघतात. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे कितीतरी जणींना गरज नसताना आधी केमो दिली जाते.

हार्मोनवर वाढणारा, हर-2 निगेटिव्ह

दर दहांतल्या जवळपास सात जणींचा हा प्रकार. इथे पहिला उपचार केमो नव्हे. लेट्रोझोल किंवा ॲनास्ट्रोझोलसारखी इस्ट्रोजेन घटवणारी गोळी आणि सोबत पाल्बोसिक्लिब, रायबोसिक्लिब किंवा अबेमासिक्लिब यांपैकी एक. पाल्बोसिक्लिब 2015 साली अमेरिकेत मंजूर झालं आणि या आजाराचं चित्र पालटलं. नुसत्या लेट्रोझोलवर आजार मध्यांकाने (निम्म्या जणींमध्ये त्याहून कमी, निम्म्यांमध्ये त्याहून जास्त) सुमारे 14-16 महिने थांबायचा, जोडीला दुसरं औषध आल्यावर तो दोन वर्षांहून जास्त थांबू लागला. पाळी गेलेल्या स्त्रियांवरच्या मोनालीसा-2 चाचणीत लेट्रोझोलसोबत रायबोसिक्लिब घेणाऱ्यांचं मध्यांक आयुर्मान 63.9 महिने होतं, नुसतं लेट्रोझोल घेणाऱ्यांचं 51.4 महिने.

पाळी गेलेली नसेल तर लेट्रोझोल एकट्याने काम करत नाही. बीजकोष बंद करावे लागतात: दर 28 दिवसांनी गोसरेलिन 3.6 मिलिग्रॅमचं इंजेक्शन, नाहीतर बीजकोष काढून टाकणं. इथे दोन चुका नेहमी दिसतात. पहिली, इंजेक्शन लांबणीवर पडणं; बीजकोष जागे होतात आणि गोळी निकामी ठरते. दुसरी, केमोने पाळी थांबली म्हणजे कायमची गेली असं समजणं. ती वर्षभरानेही परत येऊ शकते. शंका असेल तर इस्ट्राडायोलची पातळी संवेदनशील पद्धतीने मोजून घ्यावी. प्रयोगशाळेची नेहमीची चाचणी इतक्या कमी पातळीवर भरवशाची नसते.

पाल्बोसिक्लिब 125 मिलिग्रॅम किंवा रायबोसिक्लिब 600 मिलिग्रॅम रोज एकदा, 21 दिवस घेऊन 7 दिवस खाडा. अबेमासिक्लिबचा खाडा नसतो, ते 150 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा चालू राहतं. गोळी चुकली किंवा उलटून पडली तर जादा गोळी घ्यायची नाही, पुढची ठरल्या वेळी. लेट्रोझोलला सुट्टी नाही, ते 28 च्या 28 दिवस घ्यायचं. खाड्याच्या आठवड्यात दोन्ही गोळ्या बंद ठेवणारे रुग्ण बरेच भेटतात, कारण कुणी नीट सांगितलेलंच नसतं.

पहिल्या दोन्ही औषधांनी, म्हणजे पाल्बोसिक्लिब आणि रायबोसिक्लिबने, पांढऱ्या पेशी उतरतात. पहिले दोन महिने दर दोन आठवड्यांनी रक्त तपासतात. नवं चक्र सुरू करायच्या दिवशी न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी 1000 च्या खाली असतील तर गोळी आठवडाभर पुढे ढकलतात. हा उतार केमोसारखा नाही. इथे अस्थिमज्जेतल्या पेशी मरत नाहीत, त्यांची वाढ फक्त थांबते, त्यामुळे तापाचं प्रमाण कमी असतं आणि आकडे लवकर वर येतात. पुन्हा पुन्हा उतरले तर डोस कमी करायचा: पाल्बोसिक्लिब 125 वरून 100, मग 75, रायबोसिक्लिब 600 वरून 400, मग 200. डोस उतरवला म्हणून औषधाचा गुण कमी झाल्याचं चाचण्यांच्या विश्लेषणात दिसलेलं नाही. तेव्हा डोस कमी झाला म्हणून मन खट्टू करून घेऊ नका. पूर्ण डोसने अंथरुणाला खिळण्यापेक्षा कमी डोसवर दोन-तीन वर्षं चालणं केव्हाही चांगलं.

रायबोसिक्लिबने ईसीजीवरचं क्यूटी अंतर (प्रत्येक ठोक्यात हृदयाच्या विजेच्या आवर्तनाला लागणारा वेळ) वाढू शकतं आणि त्यातून ठोके बिघडू शकतात. ईसीजी सुरू करण्यापूर्वी आणि मग साधारण 14 व्या दिवशी काढतात; पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि यकृताच्या चाचण्याही बघतात. धोका बहुधा दुसऱ्याच डॉक्टरच्या चिठ्ठीतून येतो. मळमळीसाठी ओंडान्सेट्रॉन किंवा डॉम्पेरिडोन, खोकल्यासाठी अझिथ्रोमायसिन, बुरशीसाठी फ्लुकोनाझोल: ही सगळी औषधं क्यूटी वाढवतात. क्लॅरिथ्रोमायसिन, केटोकोनाझोल आणि ग्रेपफ्रूट यांनी तिन्ही औषधांची रक्तातली पातळी चढते, तर क्षयाचं रिफॅम्पिसिन आणि फिटचं फेनिटॉइन ती पार खाली आणतं. चालू औषधांची यादी पाकिटात ठेवा आणि दातांच्या डॉक्टरलाही दाखवा.

अबेमासिक्लिबचे जुलाब बहुतेक पहिल्याच आठवड्यात सुरू होतात. गोळीच्या पहिल्या दिवशीच लोपेरामाइड घरात असू द्या: पहिल्या पातळ शौचाबरोबर 4 मिलिग्रॅम, मग प्रत्येक वेळी 2, दिवसाला 16 च्या वर नाही. एका दिवसात आटोक्यात आले नाहीत तर गोळी थांबवून फोन करायचा.

हार्मोनची गोळी आणि सोबतचं औषध ही पहिली जोडी थकली की पुढचं जनुकांवर ठरतं. ईएसआर1 बदललेलं असेल तर 2023 साली मंजूर झालेली एलासेस्ट्रांट ही गोळी. पीआयके3सीए, एकेटी1 किंवा पीटेन यांत बदल असेल तर फुलवेस्ट्रांट या हार्मोनरोधक इंजेक्शनसोबत कॅपिव्हासर्टिब, चार दिवस घेऊन तीन दिवस बंद. अल्पेलिसिबही याच वाटेवर काम करतं, पण त्याने रक्तातली साखर झपाट्याने वाढते, मधुमेह असेल तर विशेष जपावं लागतं. बीआरसीएचा दोष असेल तर ओलापारिब किंवा टॅलाझोपारिब. यांपैकी काहीच लागू नसेल तर एव्हरोलिमस आणि एक्झेमेस्टेन. एव्हरोलिमसने तोंड येतं. पहिल्या दिवसापासून डेक्सामेथासोनचं द्रावण वापरायचं: 5 मिलिलिटरमध्ये 0.5 मिलिग्रॅम या प्रमाणाचं 10 मिलिलिटर दोन मिनिटं तोंडात खेळवून थुंकायचं, असं दिवसातून चारदा केलं की हा त्रास बराच टळतो.

फुलवेस्ट्रांट 500 मिलिग्रॅम: पहिल्या, 15 व्या आणि 29 व्या दिवशी, नंतर महिन्यातून एकदा. डोस दोन सिरिंजमध्ये असतो, प्रत्येक नितंबात एक. द्रव दाट असल्यामुळे फ्रिजमधून काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा आणि एकेक सिरिंज एक-दोन मिनिटं घेऊन हळू टोचायची. घाईत टोचली तर ती बाजू आठवडाभर ठणकते. टोचताना पायात कळ गेली तर लगेच सांगावं, मांडीकडे जाणारी मोठी नस जवळच असते.

हर-2 पॉझिटिव्ह

एकेकाळी सर्वांत वाईट समजला जाणारा हा प्रकार आज सर्वांत जास्त औषधं असलेला आहे. ट्रास्टुझुमॅब, पर्टुझुमॅब आणि डोसेटॅक्सेल हे त्रिकूट दर तीन आठवड्यांनी देतात. डोसेटॅक्सेलची साधारण सहा चक्रं झाली की ते थांबवून बाकीची दोन चालू ठेवतात, आणि इस्ट्रोजेन रिसेप्टर असेल तर हार्मोनची गोळी जोडतात. क्लिओपात्रा चाचणीत या त्रिकुटावर मध्यांक आयुर्मान 57.1 महिने होतं, पर्टुझुमॅबविना 40.8. आठ वर्षांनंतरही त्रिकुटावरच्या 37 टक्के स्त्रिया हयात होत्या. हृदयाचा इको दर तीन महिन्यांनी करायचा. पंप करण्याची क्षमता 50 टक्क्यांखाली आणि सुरुवातीपेक्षा 10 अंकांनी उतरली तर औषध थांबवतात. बऱ्याचदा ती पुन्हा सुधारते.

त्यानंतरचं औषध ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटिकॅन. डेस्टिनी-ब्रेस्ट03 चाचणीत त्याने आजार मध्यांकाने 28.8 महिने रोखला, आधीच्या ट्रास्टुझुमॅब एम्टान्सिनने 6.8. हर-2 लो गटात डेस्टिनी-ब्रेस्ट04 मध्ये नेहमीच्या केमोवर 16.8 महिने असलेलं आयुर्मान याने 23.4 वर नेलं. डोस किलोमागे 5.4 मिलिग्रॅम. नावं सारखी असल्याने गफलत होते आणि ती घातक ठरू शकते: साधं ट्रास्टुझुमॅब, एम्टान्सिन आणि डेरुक्सटिकॅन ही तीन वेगळी औषधं आहेत, डोस वेगळे आणि सलाईनही वेगळं. डेरुक्सटिकॅन 5 टक्के डेक्स्ट्रोजमध्येच मिसळायचं, साधं ट्रास्टुझुमॅब डेक्स्ट्रोजमध्ये कधीच नाही. बाटली लावण्यापूर्वी पूर्ण नाव मोठ्याने वाचून घ्यायला संकोच करू नका.

डेरुक्सटिकॅनचा गंभीर दुष्परिणाम फुप्फुसांचा दाह, साधारण दहांतल्या एकीला. कोरडा खोकला, जिना चढताना नव्याने लागणारी धाप, हलका ताप: सर्दी समजून सोडून देऊ नका, सीटी स्कॅन होईपर्यंत पुढचा डोस घेऊ नका. स्कॅनवर दिसतं पण त्रास नाही, अशा टप्प्यावर औषध थांबवून स्टेरॉइड दिलं तर पुढे ते पुन्हा सुरू करता येतं. त्रास सुरू झाला असेल तर औषध कायमचं बंद. मळमळ मात्र जवळजवळ सगळ्यांना होते आणि ती आठवडाभरही टिकते. रात्री ओलान्झापिनची छोटी गोळी घेतल्याने ती चांगली आटोक्यात येते.

मेंदूत पसरलेल्या हर-2 पॉझिटिव्ह आजारात ट्युकाटिनिब, कॅपेसिटाबिन आणि ट्रास्टुझुमॅब यांचाही उपयोग होतो. मेंदूतल्या मोजक्या गाठी असतील तर त्यांवरच नेमकं रेडिएशन द्यावं, पूर्ण मेंदूला नाही. पूर्ण मेंदूच्या रेडिएशनने स्मरणशक्तीवर परिणाम होतो, म्हणून ते टाळता येईल तितकं टाळतात.

ट्रिपल निगेटिव्ह आणि केमो

तिन्ही रिसेप्टर (इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन, हर-2) नसलेला आजार सर्वांत अवघड, हे मान्यच करायला हवं. पीडी-एल1 या प्रथिनाचा स्कोअर 10 किंवा जास्त असेल तर केमोसोबत पेम्ब्रोलिझुमॅब हे प्रतिकारशक्ती जागवणारं औषध. त्या गटात आयुर्मान 16.1 वरून 23 महिन्यांवर गेलं. बीआरसीए तपासणी इथे चुकवू नये. आधी केमो होऊन गेलेल्यांसाठी सॅसिटुझुमॅब गोव्हिटेकॅन: असेंट चाचणीत त्यावर मध्यांक आयुर्मान 12.1 महिने, केमोवर 6.7. पेम्ब्रोलिझुमॅबचे दुष्परिणाम शरीराची प्रतिकारशक्ती उलटल्यामुळे होतात आणि ते औषध थांबवल्यावर महिन्यांनीही येऊ शकतात: थायरॉइड बिघडणं, आतड्याचा दाह, यकृताचा दाह. त्या वेळचे जुलाब लोपेरामाइडने दाबायचे नसतात, स्टेरॉइड लागतं.

केमो द्यायची वेळ आली की एका वेळी एकच औषध, हा नियम बहुतेकींना लागू. दोन औषधं एकत्र दिल्याने गाठी लवकर आकसतात, पण आयुष्य फारसं वाढत नाही आणि त्रास मात्र दुप्पट. दोन एकत्र देण्याचं कारण म्हणजे वर सांगितलेला अवयव निकामी होण्याचा प्रसंग. कॅपेसिटाबिनने तळहात-तळपाय लाल होतात आणि सोलवटतात. 1 टक्का डायक्लोफिनॅक जेल दिवसातून दोनदा चोळण्याने हा त्रास खूप कमी होतो, हे डी-टॉर्च चाचणीत दिसलं: मध्यम ते तीव्र त्रास 15 टक्क्यांवरून 3.8 वर आला. काही थोड्या लोकांत हे औषध पचवणारं डीपीडी नावाचं एन्झाइम जन्मतःच कमी असतं, त्यांना नेहमीचा डोस जीवघेणा ठरू शकतो. सुरू करण्यापूर्वी डीपीवायडी जनुकाची चाचणी मिळत असेल तर जरूर करा. पॅक्लिटॅक्सेलने बोटांना मुंग्या येतात. गुंड्या लावायला, पेन धरायला त्रास होऊ लागला की तेव्हाच सांगायचं, कारण पूर्ण बधिर झालेल्या नसा सुधारायला फार वेळ घेतात.

हाडं

हाडांत आजार असेल तर कॅन्सरच्या औषधाबरोबर हाडांचं औषधही लागतं. झोलेड्रॉनिक ॲसिड 4 मिलिग्रॅम, किमान 15 मिनिटांत सलाईनमधून. किंवा डेनोसुमॅब 120 मिलिग्रॅम दर चार आठवड्यांनी त्वचेखाली. झोलेड्रॉनिक ॲसिड दर महिन्याऐवजी दर 12 आठवड्यांनी दिलं तरी तितकंच काम करतं, हे मोठ्या चाचणीत दिसलं आहे. त्यामुळे मूत्रपिंडावरचा ताण आणि फेऱ्या दोन्ही वाचतात. पहिल्या डोसनंतर दोन दिवस फ्लूसारखा ताप आणि अंगदुखी येते, ती पॅरासिटॅमॉलने जाते. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सोबत हवंच, डेनोसुमॅबवर तर कॅल्शियम धोकादायकरीत्या उतरू शकतं.

सुरू करण्यापूर्वी दात तपासून घ्या आणि काढायचे दात आधी काढून जखम भरू द्या. औषध सुरू झाल्यावर दात काढला तर जबड्याचं हाड उघडं पडून सडण्याचा धोका असतो, आणि ते दुखणं फार चिवट. डेनोसुमॅब अचानक सोडून देऊ नये. त्याचा परिणाम ओसरताच हाडांची झीज उसळून वर येते आणि मणके मोडू शकतात. थांबवायचंच असेल तर त्याजागी झोलेड्रॉनिक ॲसिड द्यावं लागतं.

दुखऱ्या हाडाला 8 ग्रे (ग्रे हे रेडिएशनचं माप) इतकं एकदाच दिलेलं रेडिएशन दहा दिवसांच्या रेडिएशनइतकंच वेदना कमी करतं. फरक एवढाच की एकदाच घेणाऱ्यांना पुढे पुन्हा घ्यायची गरज जास्त वेळा पडते. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि पहिले दोन-तीन दिवस दुखणं उलट वाढू शकतं. मांडीच्या हाडात मोठी पोकळी झाली असेल आणि पाय टेकवताच कळ येत असेल, तर हाड मोडण्याआधीच रॉड घालून घ्यावा. मोडल्यावरचं ऑपरेशन जास्त त्रासाचं.

स्कॅनची भाषा

साधारण दर 8 ते 12 आठवड्यांनी स्कॅन करतात, आजार स्थिरावल्यावर अंतर वाढवतात. हाडांच्या बाबतीत एक चकवा आहे. बरं होणारं हाड घट्ट होतं आणि पूर्वी न दिसलेली जागा “नवा डाग” म्हणून उमटते. यकृतातल्या गाठी आकसतायत, दुखणं कमी होतंय आणि फक्त हाडांत नवे डाग, असं असेल तर औषध बदलण्याआधी दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघावं. सीए 15-3 हा रक्तात मोजला जाणारा कॅन्सरचा मार्कर उपचाराच्या पहिल्या चार-सहा आठवड्यांत पेशी फुटल्यामुळेही वाढतो. केवळ मार्करवरून चालू औषध बदलू नये. गुण देणाऱ्या औषधाला घाबरून लवकर सोडून दिलं तर हातातलं एक हत्यार वाया जातं, आणि हत्यारं मोजकीच असतात. सगळीकडे आजार दबलेला आणि एकच जागा वाढतेय, तर त्या जागेवर रेडिएशन देऊन तेच औषध चालू ठेवता येतं का, हे विचारा.

स्तनातली मूळ गाठ काढून टाकली तर आयुष्य वाढेल का, हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातली 2015 साली प्रसिद्ध झालेली चाचणी आणि त्यानंतरची अमेरिकेतली चाचणी, दोन्हींचं उत्तर नाही असं आलं. गाठ फुटून जखम झाली असेल, रक्त किंवा दुर्गंधी येत असेल, तर त्रास कमी करण्यासाठी ऑपरेशन जरूर करावं.

किती आयुष्य

अमेरिकेच्या नोंदणीत दूरवर पसरलेल्या आजारात पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचं प्रमाण सुमारे 30 टक्के आहे. हा आकडा वाचताना दोन गोष्टी ध्यानात घ्यायच्या. पाच वर्षांचा आकडा काढायला किमान पाच वर्षं जावी लागतात, म्हणजे त्यातल्या बऱ्याच जणींना आजची औषधं मिळालेलीच नव्हती. आणि त्यात सगळे प्रकार एकत्र आहेत. हार्मोनवर वाढणारा आणि हर-2 पॉझिटिव्ह, यांत चांगले उपचार मिळालेल्यांचं मध्यांक आयुर्मान आज चाचण्यांत पाच वर्षांच्या आसपास आहे, तर ट्रिपल निगेटिव्हमध्ये ते दीड-दोन वर्षं.

मध्यांक म्हणजे निम्म्या जणी त्याहून कमी जगल्या आणि निम्म्या त्याहून जास्त. ती मुदत नव्हे. साधारण हिशेब असा: निम्म्या रुग्ण मध्यांकाच्या अर्ध्यापासून दुप्पट या पट्ट्यात येतात, दहांतली एक त्याच्या तिप्पट किंवा जास्त जगते, आणि काही जणींना सहाव्या हिश्श्याइतकाही काळ मिळत नाही. म्हणून डॉक्टरांना एक आकडा मागण्याऐवजी तीन विचारा: सगळं चांगलं झालं तर किती, बहुतेकींचं काय होतं, आणि वाईटात वाईट काय. मुलांचं शिक्षण, कर्ज, कागदपत्रं यांचं नियोजन मधल्या आकड्यावर करावं, पण वाईटाचीही तजवीज आधीच ठेवावी.

पारडं कोणत्या बाजूला झुकेल हे बऱ्याच अंशी ठरलेल्या गोष्टींवरून कळतं. फक्त हाडांतला आजार, पहिल्या उपचारानंतर दोन वर्षांहून जास्त काळ गेलेला, मोजक्या जागा, रुग्ण स्वतः चालती-फिरती: चांगलं. यकृत किंवा मेंदू, उपचार चालू असतानाच उलटलेला आजार, अंथरुणात जाणारा दिवस: कठीण. पहिल्या औषधाला किती महिने गुण आला, हा नंतरचा सर्वांत बोलका पुरावा.

दुखणं आणि थकवा यांवरचे उपचार शेवटासाठी राखून ठेवायचे नसतात. वेदनाशामक आणि आधार देणारी टीम पहिल्या महिन्यापासून सोबत असावी. मॉर्फिन सुरू झालं की त्याच दिवशी रेचकही सुरू व्हायला हवं, मॉर्फिनच्या बद्धकोष्ठाची सवय कधीच होत नाही. मधेच उठणाऱ्या कळेसाठी दिवसभराच्या डोसाचा साधारण सहावा हिस्सा हाताशी ठेवतात. योग्य प्रमाणातल्या मॉर्फिनने आयुष्य कमी होत नाही. थकव्यावर सगळ्यांत भरवशाचा उपाय व्यायाम, हाडांत आजार असला तरी. फक्त कोणत्या हाडावर भार नको हे फिजिओथेरपिस्टकडून ठरवून घ्यावं.

जागेपणीचा निम्म्याहून जास्त वेळ अंथरुणात जाऊ लागला, लागोपाठ दोन-तीन औषधांना गुण आला नाही, की पुढच्या केमोने आयुष्य वाढण्याची शक्यता फार कमी आणि दवाखान्यातले दिवस वाढण्याची जास्त असते. त्या टप्प्याचं बोलणं आजार स्थिर असतानाच करून ठेवावं: कुठे राहायचं आहे, व्हेंटिलेटर हवा की नको, निर्णय कोणी घ्यायचा. रुग्णाच्या तोंडून ऐकून ते लिहून ठेवा आणि त्याची एक प्रत फाइलच्या पहिल्या पानावर लावा, कारण रात्री दोन वाजता तातडीच्या विभागात जो डॉक्टर असेल, तो तुम्हाला पहिल्यांदाच भेटत असेल.